जॉन ला रोझ: स्वतःच्या कवितेपेक्षा दुसऱ्यांच्या पुस्तकांसाठी जास्त राबलेला कवी

सुपारीचं_खांड

कॅरिबियन साहित्य म्हटलं की आपल्याकडे गाडी नायपॉलवर सुटते आणि वॉलकॉटला १९९२ मध्ये नोबेल मिळालं इथं येऊन थांबते, फार तर कुणी क्रिकेटवेडा असेल तर 'बियॉन्ड अ बाउंडरी' हे क्रिकेटवरचं पुस्तक लिहिणाऱ्या त्रिनिदादच्या सी. एल. आर. जेम्सचं नाव घेतो. पण ही पुस्तकं छापली कुणी, एकदा संपल्यावर परत बाजारात आणली कुणी, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. मला सध्या ज्या माणसाने झपाटलंय तो नेमका हेच काम करत होता, म्हणून हा धागा.

जॉन ला रोझ. जन्म १९२७, त्रिनिदादमधलं अरिमा गाव. पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट मेरीज कॉलेजात शिकले, तिथंच शिकवलं, विमा कंपनीत नोकरी केली, कामगार चळवळीत पडले, वेस्ट इंडियन इंडिपेंडन्स पार्टीचे सरचिटणीस झाले, १९५६ च्या निवडणुकीला उभे राहिले, मग काही वर्षं व्हेनेझुएलात मास्तरकी केली आणि १९६१ ला लंडनला आले. आणि हे सगळं चालू असताना कविता लिहीत होते.

१९६६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आणि सेरा व्हाइट यांनी मिळून 'न्यू बीकन बुक्स' काढलं. ब्रिटनमधली पहिली कॅरिबियन प्रकाशनसंस्था आणि पुस्तकाचं दुकान, पण दुकान म्हणजे काय तर राहतं घर, आणि सभा-बैठकांना पिशव्यांत पुस्तकं भरून न्यायची आणि तिथं विकायची. पहिलं पुस्तक त्यांचाच कवितासंग्रह, 'फाउंडेशन्स'. दुसरा संग्रह आला १९९२ मध्ये! मधली सव्वीस वर्षं माणूस दुसऱ्यांची प्रुफं तपासतोय, दुसऱ्यांच्या पुस्तकांची पार्सलं बांधतोय. २००६ मध्ये गेले तोवर हेच चालू होतं.

माझं म्हणणं असं की हे काम म्हणजे कवितेला दिलेली रजा नव्हती, ते त्यांचं सगळ्यात महत्त्वाचं साहित्यिक काम होतं. का ते खाली लिहितोच, आधी कुणी ऐकलंय का यांच्याबद्दल ते सांगा.

चिंतोपंत_चहावाले

नाव नव्हतं ऐकलं. छान ओळख. पण एक शंका, त्रिनिदाद १९६२ ला स्वतंत्र झालं ना, मग हे सगळं १९६६ मध्ये लंडनला कशाला? पोर्ट ऑफ स्पेनला दुकान टाकायचं की. स्वतंत्र देशाचं साहित्य जुन्या मालकाच्या अंगणात बसून छापायचं हे जरा गमतीशीर वाटतं.

सुपारीचं_खांड

चिंतोपंत, शंका रास्त आहे पण तेव्हाची परिस्थिती बघा. लॅमिंग, सेल्व्हन, नायपॉल, सॅल्की, हे सगळे कॅरिबियन लेखक पन्नाशीच्या दशकात लंडनला आलेले, छापणारेही लंडनचे. बीबीसीचा 'कॅरिबियन व्हॉइसेस' म्हणून साहित्याचा कार्यक्रम होता, जमैकाच्या कवयित्री युना मार्सन यांनी सुरू केलेला, १९५८ पर्यंत चालला, त्यात बेटांवरून लिखाण लंडनला जायचं आणि तिथून परत रेडिओवर बेटांवर ऐकू यायचं. म्हणजे जमैकातल्या माणसाला बार्बाडोसची कथा लंडनमार्गे कळायची. ही सगळी बेटं एकमेकांना खऱ्या अर्थाने भेटली ती लंडनलाच.

आणि मुख्य गोष्ट, लंडनचे मोठे प्रकाशक पुस्तक छापायचे, परीक्षणं यायची, आवृत्ती संपली की विषय संपला, पुढची पिढी येईपर्यंत ते पुस्तक कुठंच मिळत नसे. ला रोझचा सगळा राग ह्याच्यावर होता. वसाहतीत माहिती दाबून ठेवतात, त्यामुळे प्रत्येक पिढीला वाटतं आपणच पहिले, आधी कुणी काही केलंच नाही, आणि प्रत्येक पिढी परत शून्यापासून सुरू करते. ही तुटलेली साखळी जोडायची म्हणून प्रकाशन, असा त्यांचा हिशोब. संस्थेचं नावही त्यातूनच. १९३१ ते ३३ मध्ये त्रिनिदादमध्ये अल्बर्ट गोम्स यांनी 'द बीकन' मासिक चालवलं होतं, जेम्स आणि आल्फ्रेड मेंडेस त्यात लिहायचे, त्याची आठवण म्हणून 'न्यू' बीकन.

एक उदाहरण देतो म्हणजे कळेल. ऑक्सफर्डचे इतिहासकार जे. ए. फ्राउड वेस्ट इंडीजला फेरी मारून आले आणि १८८८ मध्ये पुस्तक लिहिलं, सार काय तर ह्या काळ्या लोकांना राज्य चालवणं जमायचं नाही. त्याला त्रिनिदादच्या जे. जे. थॉमस नावाच्या काळ्या शाळामास्तराने पुढच्याच वर्षी पुस्तकाने उत्तर दिलं, 'फ्राउडॅसिटी', साहेबाची एकेक चूक काढून धुतलाय नुसता. आणि त्याच वर्षी थॉमस वारले. ह्याच माणसाने १८६९ मध्ये त्रिनिदादच्या फ्रेंच क्रिओलचं व्याकरण लिहिलं होतं, ज्या बोलीला लोक गावंढळ म्हणून हसायचे तिचं! ही दोन्ही पुस्तकं न्यू बीकनने १९६९ मध्ये पुन्हा छापली, 'फ्राउडॅसिटी'ला प्रस्तावना खुद्द सी. एल. आर. जेम्सची. आता सांगा, लंडनमधला कुठला धंदेवाईक प्रकाशक ऐंशी वर्षांपूर्वीच्या मास्तराचं व्याकरण छापणार होता?

शेंदूरवाडी_एक्स्प्रेस

वेस्ट इंडीज म्हटलं की माझी मजल क्रिकेटपर्यंतच त्यामुळे विषयांतराबद्दल माफी 🙏 पण अरिमा वाचून एकदम आठवलं, लॉर्ड किचनर कॅलिप्सोवाला (कॅलिप्सो म्हणजे तिकडची टोमणे मारणारी लोकगाणी) अरिमाचाच ना? १९४८ च्या विंडरश बोटीवरून उतरतानाच लंडनवर गाणं म्हणणारा? आणि आपल्या सुनील गावसकरांवर लॉर्ड रिलेटरने कॅलिप्सो केलं ते १९७१ च्या दौऱ्यानंतर, पहिल्याच मालिकेत ७७४ धावा, मग गाणं होणारच. परक्या टीमच्या पोरावर गाणं करायला मोठं मन लागतं राव. आपल्याकडे कुणी गॅरी सोबर्सवर पोवाडा केला नाही.

सुपारीचं_खांड

विषयांतर कुठं, तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात. ला रोझनी लंडनला यायच्या आधी, पन्नासच्या दशकात, कॅलिप्सोवर लिहिलं होतं आणि तेही रेमंड क्वेव्हेडो यांच्याबरोबर. क्वेव्हेडो म्हणजे 'अटिला द हन' ह्या नावाने गाणारे नामांकित कॅलिप्सोनियन, पुढे १९५० मध्ये विधिमंडळात निवडूनही गेले. तेव्हाच्या शिकलेल्या मंडळींच्या लेखी कॅलिप्सो म्हणजे रस्त्यावरची थिल्लर गाणी, त्यात कसलं आलंय साहित्य. पण ज्यात संप, गव्हर्नर, महागाई, कोर्टकचेऱ्या सगळ्यावर टोमणे आहेत ते गाणं बेटाची बखर आहे की नाही? शाळेतल्या पुस्तकात वर्डस्वर्थ आणि रस्त्यावर अटिला, आणि ला रोझचं लक्ष रस्त्याकडे. थॉमसचं बोलीचं व्याकरण त्यांना का महत्त्वाचं वाटलं ते ह्यातून कळतं.

मधुरा_उत्तर_लंडन

अरे वा, आमच्या भागातला धागा! दुकान फिन्सबरी पार्क स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, ७६ स्ट्राउड ग्रीन रोड. १९७३ पासून तिथं. बाहेरून अगदी साधं आहे, शेजारीपाजारी खाण्याची दुकानं, घाईत असाल तर लक्षातही येणार नाही. इमारतीत जॉर्ज पॅडमोर इन्स्टिट्यूट, ती १९९१ मध्ये काढली, तिथं सगळी कागदपत्रं जपून ठेवलीत, पत्रव्यवहार, सभांची इतिवृत्तं, हँडबिलं, पोस्टरं. मला हे फार भारी वाटतं, चळवळीतली माणसं सहसा कागद जपत नाहीत, काम झालं की रद्दी.

(पॅडमोर म्हणजे घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांचे सल्लागार, मूळचे त्रिनिदादचेच, सी. एल. आर. जेम्सचे लहानपणचे दोस्त.)

२०१६ च्या शेवटी दुकान बंद होणार अशी बातमी आली होती, परवडत नव्हतं, मग लोकांनी ऑनलाइन वर्गणी काढली आणि वाचलं.

आणि सुपारी, एक तक्रार. तुम्ही सेरा व्हाइटना एका वाक्यात उरकलंत. दुकान, हिशोब, ऑर्डरी, लायब्ररीवाल्यांशी पत्रव्यवहार, हे रोजचं रहाटगाडगं त्यांनी पन्नासएक वर्षं ओढलंय, ला रोझ गेल्यानंतरही. सभेत बोलणाऱ्याचं नाव राहतं आणि पार्सल बांधणारीचं नाव आभारप्रदर्शनात जातं, हे तिकडेही तसंच दिसतं.

सुपारीचं_खांड

मधुराताई, तक्रार शंभर टक्के मान्य. ला रोझ दिवसभर दहा बैठकांत असायचे, मग दुकानाचं शटर कोण उघडत होतं हा प्रश्न विचारायलाच हवा.

कडू_कारलं

सगळं वाचलं. माणूस मोठा असेल, वाद नाही. पण 'कवी' म्हणून धागा काढलाय आणि अजून एका कवितेबद्दल एक ओळ आली नाही. सव्वीस वर्षांत दोन संग्रह. उद्या मी पुस्तकांचं दुकान टाकलं आणि दोन संग्रह स्वतःच छापले तर मी पण कवी का? सरळ म्हणा ना कार्यकर्ता होते, प्रकाशक होते. मराठीतही हे फार चालतं, माणूस चांगला म्हणून कविता चांगली, आणि मग संमेलनात शाल.

गोदाकाठ

कारल्या, शाल कुणी दिलीय इथं 😀

मला मात्र वाचताना सारखे गंगाधर पानतावणे आठवत होते. 'अस्मितादर्श' त्यांनी औरंगाबादहून साठीच्या दशकाच्या शेवटापासून कितीतरी दशकं चालवलं, दलित साहित्यातले किती लिहिते हात तिथून पुढे आले. पानतावणे सर स्वतः समीक्षक, लेखक, पण लोक त्यांना ओळखतात ते 'अस्मितादर्श'कार म्हणून. आणि नारायण सुर्व्यांचं 'माझे विद्यापीठ' पण १९६६ चंच, न्यू बीकन निघालं त्याच वर्षीचं. इथं कामगार वस्तीतला कवी, तिकडे कामगार युनियनमधला कवी. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही हे माहितीय, पण काळ बघा.

प्रश्न असा की पानतावण्यांना 'अस्मितादर्श'मधून वेगळं काढून नुसता लेखक म्हणून तोलायचं का? मला तरी ते जमणार नाही.

सुपारीचं_खांड

गोदाकाठ, थँक्यू, मी हेच जरा लांबण लावून म्हणणार होतो.

कारल्यांना उत्तर. १९६६ च्या डिसेंबरात एडवर्ड ब्रेथवेट (पुढे कमाउ ब्रेथवेट), अँड्र्यू सॅल्की आणि ला रोझ ह्या तिघांनी 'कॅरिबियन आर्टिस्ट्स मूव्हमेंट' सुरू केली. पहिली बैठक ब्रेथवेट यांच्या ब्लूम्सबरीतल्या घरी, मग अर्ल्स कोर्टच्या वेस्ट इंडियन स्टुडंट्स सेंटरमध्ये जाहीर कार्यक्रम, १९६७ आणि ६८ ला केंट विद्यापीठात परिषदा. लेखकच नाहीत, ऑब्री विल्यम्ससारखे चित्रकार, रोनाल्ड मूडीसारखे शिल्पकार, कापडाचं डिझाइन करणाऱ्या अल्थिया मॅकनिश, समीक्षक, विद्यार्थी, सगळे एका खोलीत. आणि वाद काय तर आपली लय कुठली, इंग्रजी कवितेचा पाच पावलांचा ठेका आपल्या वादळाला पुरतो का, बोलीत गंभीर कविता होते का. ब्रेथवेटनी ह्याच विचारावर पुढे 'हिस्टरी ऑफ द व्हॉइस' लिहिलं, ते १९८४ मध्ये कुणी छापलं? न्यू बीकनने. विल्सन हॅरिस यांचे निबंध १९६७ मध्ये, मार्टिन कार्टरच्या कविता १९७७, एर्ना ब्रॉडबर यांची पहिली कादंबरी १९८०, लॉर्ना गुडिसनच्या कविता १९८६, सगळं तिथंच.

आता ज्या माणसाला कविता आतून कळत नाही तो ही निवड करू शकेल का? ब्रॉडबरची कादंबरी हातात घेऊन बघा, सरळ गोष्ट नाही, गाणी, मुलांचे खेळ, तुकडे, धंद्याचा विचार करणारा प्रकाशक पहिल्या दहा पानांतच साभार परत पाठवेल. ती छापायला कवीचाच कान लागतो. स्वतःचा संग्रह पडून राहिला तरी चालेल पण हे आलं पाहिजे, असं ज्याला वाटतं त्याच्याबद्दल मी बोलतोय.

कडू_कारलं

चांगला संपादक होते हे पटलं. कवी होते हे अजून सिद्ध व्हायचंय. कान असणं वेगळं, गळा असणं वेगळं.

निवृत्त_मास्तर

मी साहित्यातला माणूस नाही, शिक्षक होतो, त्यामुळे मला वेगळ्याच गोष्टीत रस वाटला. १९७१ साली न्यू बीकनने बर्नार्ड कोर्ड यांचं एक छोटं पुस्तक छापलं होतं ना? बी.एड.च्या मुलांना शिकवताना मी त्याचा उल्लेख करायचो. ब्रिटनच्या शाळांत वेस्ट इंडियन मुलांना 'मंदबुद्धी' ठरवून वेगळ्या शाळांत ढकललं जायचं, खरं कारण काय तर चाचण्या गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांच्या भाषेत आणि अनुभवावर बेतलेल्या, त्यात शिक्षकांची अपेक्षाच कमी. पोराला उत्तर येतं पण प्रश्न त्याच्या जगातला नाही. आमच्याकडे पाड्यावरची मुलं शाळेत यायची त्यांच्याबद्दल स्टाफरूममध्ये काय बोललं जायचं ते मी ऐकलंय, त्यामुळे हे पुस्तक वाचताना परदेशातलं वाटलंच नाही.

सुपारीचं_खांड

हो सर, तेच. आणि ला रोझ नुसते छापून थांबले नाहीत, १९६९ मध्ये जॉर्ज पॅडमोर सप्लिमेंटरी स्कूल सुरू केलं, म्हणजे शनिवारची शाळा, शाळेत जे शिकवत नाहीत ते इतिहास-साहित्य मुलांना शिकवायला. १९७५ मध्ये ब्लॅक पॅरेंट्स मूव्हमेंट. म्हणजे वाचकच तयार करत होते एका अर्थी.

चिंतोपंत_चहावाले

हे बर्नार्ड कोर्ड म्हणजे ग्रेनाडाचेच का? १९८३ मध्ये तिथले पंतप्रधान मॉरिस बिशप यांच्याविरुद्ध बंड करणाऱ्या गटात होते आणि पुढे २००९ पर्यंत तुरुंगात?

सुपारीचं_खांड

तेच. पुस्तक चांगलं, पुढचं राजकारण भयंकर. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथं सुरू झालं तर दोनशे प्रतिसाद होतील आणि कविता बाजूला राहील.

छापखाना_गल्ली

मी छोट्या प्रकाशनात काम करतो (नाव विचारू नका). मला एकच कळत नाही, पैसे कुठून? आमच्याकडे ५०० प्रतींची आवृत्ती संपता संपत नाही, वितरक पैसे सहा महिन्यांनी देतो, तेही जुन्या प्रती परत पाठवून. आणि हे लोक १९६६ पासून वाद-परिषदा-शाळा करत पुस्तकं काढतायत. कुणी अनुदान देत होतं का?

मधुरा_उत्तर_लंडन

पाया विक्रीचा होता, म्हणजे स्वतःची पुस्तकं छापायची आणि जोडीला आफ्रिका, कॅरिबियन, अमेरिकेतल्या काळ्या लेखकांची दुसऱ्या प्रकाशकांची पुस्तकं मागवून विकायची. शाळा, लायब्ररी, विद्यापीठं ह्यांना पोस्टाने पुस्तकं जायची, कारण सत्तरीत ब्रिटनमधल्या लायब्रऱ्यांना अशी पुस्तकं हवी असली तरी मागवायची कुठून हे माहीत नसायचं. आणि स्वातंत्र्य महत्त्वाचं होतं त्यांना, आपल्या पैशाने आपलं चालवायचं.

शिवाय एकटे नव्हते. जेसिका आणि एरिक हंटली ह्या गयानाच्या जोडप्याचं 'बोगल-लुव्हर्चर' पण होतं, १९६८ मध्ये जमैका सरकारने गयानाचे इतिहासकार वॉल्टर रॉडनींना देशात परत येऊ दिलं नाही त्या रागातून सुरू झालेलं. सत्तरीच्या उत्तरार्धात अशा दुकानांवर वंशवादी हल्ले व्हायला लागले, तेव्हा सगळ्यांनी मिळून 'बुकशॉप जॉइंट ॲक्शन' काढलं. धंद्यातले स्पर्धक म्हणून एकमेकांकडे बघितलंच नाही.

छापखाना_गल्ली

स्पर्धक एकत्र आले हे वाचून डोळे पाणावले. आमच्याकडे प्रदर्शनात स्टॉल कोपऱ्यातला कुणाला मिळाला यावरून दोन वर्षं बोलणं बंद असतं 😂

सुपारीचं_खांड

प्रदर्शनावरून आठवलं. १९८२ ते १९९५ ह्या काळात न्यू बीकन, बोगल-लुव्हर्चर आणि 'रेस टुडे' मासिकवाल्यांनी सुरू केलेला आंतरराष्ट्रीय पुस्तक मेळा भरत होता, एकूण बारा वेळा. पहिल्याचं उद्घाटन सी. एल. आर. जेम्सच्या हस्ते. पुस्तकविक्री, त्याला जोडून चर्चा, कवितावाचन, संगीत, आणि आफ्रिका, आशिया, कॅरिबियन, युरोप सगळीकडचे लेखक-कार्यकर्ते. न्गुगी वा थिओंगो १९८२ मध्ये केनियातून परागंदा होऊन लंडनला होते, त्यांचं 'बॅरल ऑफ अ पेन' पण न्यू बीकनने १९८३ मध्ये काढलं.

आणि हा मेळा कुठल्या वातावरणात सुरू झाला तेही बघा. १९८१ च्या जानेवारीत लंडनच्या न्यू क्रॉसमध्ये वाढदिवसाच्या पार्टीत आग लागून तेरा तरुण काळी पोरं गेली, वर सरकार गप्प. त्यानंतर जी कृती समिती झाली तिचे अध्यक्ष ला रोझ, २ मार्चला हजारो लोकांचा मोर्चा निघाला. पुढच्या वर्षी पुस्तक मेळा. त्यांना ही दोन वेगळी कामं वाटत नव्हती. लिंटन क्वेसी जॉन्सन हा डब कवी (म्हणजे रेगेच्या तालावर कविता म्हणणारा) ह्याच सगळ्यातून पुढे आलेला, तो ला रोझना गुरुस्थानी मानायचा, न्यू क्रॉसच्या आगीवर त्याची कविता आहे, ती ऐकायचीच, वाचायची नाही, यूट्यूबवर शोधा.

शेंदूरवाडी_एक्स्प्रेस

ऐकली आत्ता. अंगावर काटा. खाली वाजणारा बेस गिटारच मोर्चासारखा चालतो.

बरं मला सांगा, माझ्यासारख्याने सुरुवात कुठून करावी? 'बियॉन्ड अ बाउंडरी' वाचलंय, म्हणजे क्रिकेटचं म्हणून वाचलं होतं.

सुपारीचं_खांड

मग जेम्सचीच 'मिंटी ॲली' घ्या. त्यांची एकमेव कादंबरी, १९३६ ची. पोर्ट ऑफ स्पेनमधल्या गरीब वस्तीत खोली भाड्याने घेऊन राहायला आलेला एक मध्यमवर्गीय काळा तरुण आणि त्याच्या आजूबाजूची भांडणं, प्रेमप्रकरणं, मोलकरीण, मालकीण, थेट आपल्या चाळीतलं जग आहे, नळावरच्या भांडणासकट म्हणा ना. पस्तीस वर्षं मिळत नव्हती, न्यू बीकनने १९७१ ला पुन्हा छापली. आता २०२१ पासून पेंग्विननेही काढलीय, त्यामुळे इथं मिळायला अडचण नाही. पण पेंग्विनला ती छापावीशी वाटली कारण मधली पन्नास वर्षं कुणीतरी ती जिवंत ठेवली होती.

निवृत्त_मास्तर

मला कोर्डांचं छोटं पुस्तक पुन्हा वाचायचंय, माझी प्रत एका विद्यार्थ्याने नेली ती गेलीच. मधुराताई, तुमच्या त्या दुकानात मिळेल काय? भारतात येणं झालं तर सांगा, पैसे आधी पाठवतो.

मधुरा_उत्तर_लंडन

सर, विचारून सांगते, येताना नक्की आणेन. पैशाचं नंतर बघू. अजून कुणाला काही हवं असेल तर इथंच लिहा, सामानाच्या वजनात बसेल तेवढं आणते, पण ब्रॉडबर, गुडिसन असल्या पातळ पुस्तकांना प्राधान्य, विल्सन हॅरिसचे खंड मागू नका.

कडू_कारलं

माझ्यासाठी ला रोझचे दोन्ही कवितासंग्रह बघा, जुने असले तरी चालतील. कविता वाचतो आणि मग सुपारीशी भांडायला परत येतो, तोवर धागा वर ठेवा.